सांध्याचें वंगण

बैलगाडीचें चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवान खालीं उतरतो, गाडीला टांगलेलें वंगणाचें भांडें काढतो, आंसाला वंगण लावतो आणि पुन्हां आपल्या जागीं जाऊन बसतो. आपण कांहीं विशेष केलें असें त्याला वाटत नाहीं. आंस आणि चाक एकमेकांवर घासणार, आणि घासणाऱ्या दोन वस्तूंमध्यें कांहीं निसरडें नसेल तर दोन्ही झिजणार, हें ज्ञान चाकाइतकेंच जुनें आहे. पण त्याच गाडीवानाचा गुडघा बाळपणापासून म्हातारपणापर्यंत किती लक्ष वेळां वांकतो आणि सरळ होतो याची गणती कोणीं ठेविली आहे? त्याला वंगण कोण लावतें, तें कोठून येतें, आणि एके दिवशीं पंगतींतून उठतांना भुईला हात टेकावा लागतो तेव्हां तें कोठें गेलेलें असतें? हे प्रश्न दिसतात तितके सोपे नाहींत. त्यांचीं उत्तरें जुळवितां जुळवितां दोन हजार वर्षें गेलीं, आणि त्यांतलें एक उत्तर तर एका इंग्रज शस्त्रवैद्याला स्वतःच्या मांडींत सुई टोंचून घेऊन मिळवावें लागलें.

गाडीच्या आंसाची उपमा येथें नव्यानें सुचलेली नाहीं. ती सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांतली आहे. तेल घातलेल्या आंसावर चाक जसें सुखानें फिरतें, तसेच कफानें माखलेले सांधे सुखानें चालतात, असा तेथें आशय आहे. आणि हा कफ धारण करणारें जें आवरण सांध्याच्या आंत असतें त्याला श्लेष्मधरा कला असें नांवहि दिलें आहे. एवढ्यावरून आजचें सर्व शरीरशास्त्र आपल्या पूर्वजांना अवगत होतें, असा डंका पिटणारे लोक आहेत. त्यांच्या मागें जाण्याचें कारण नाहीं. सुश्रुताचा कफ हा वात, पित्त, कफ या त्रयींतला आहे. तो सांध्यांत आहे तसा उरांतहि आहे. आजच्या प्रयोगशाळेंत नळींत भरून तपासतात तो द्रव आणि हा कफ एकच, असें म्हणणें दोघांवरहि अन्याय करणारें होईल. परंतु प्रेत वाहत्या पाण्यांत सात रात्रीं ठेवून, मग वाळ्याच्या कुंचल्यानें थरामागून थर खरडून पाहावें, ही रीत त्याच ग्रंथांत सांगितलेली आहे. सांधा हें नुसतें बिजागर नव्हे, वंगण घातलेलें बिजागर आहे, ही गोष्ट ज्याच्या ध्यानांत आली त्यानें सांधा केवळ डोळ्यांनीं पाहिला नव्हता, बोटांनींहि पाहिला होता, एवढें खास.

त्याची मोजणीहि पाहण्यासारखी आहे. सांधे एकंदर २१०. पैकीं ६८ हातापायांत, ५९ धडांत आणि ८३ मानेच्या वर. हे केवळ हाडांचे सांधे झाले. पेशी, स्नायु आणि शिरा यांच्या सांध्यांना गणतीच नाहीं, असेंहि तो सांगून टाकतो. मग सांध्यांचे आठ प्रकार येतात आणि त्यांचीं नांवें बहुतेक घरांतल्या व दारांतल्या वस्तूंवरून घेतलेलीं. कवटीच्या हाडांचा सांधा तुन्नसेवनी, म्हणजे शिंप्याच्या शिवणीसारखा. जबड्याचा वायसतुंड, कावळ्याच्या चोचीसारखा. काखेंतला आणि खुब्याचा उलूखल, म्हणजे उखळासारखा. उखळाच्या वर्गांत त्यानें दांतहि बसविले आहेत, आणि कानांतल्या वळणाला शंखावर्त म्हणून सांध्यांत जागा दिली आहे. हें आजच्या दृष्टीला पटणारें नाहीं. पण खुब्याला उखळ म्हणणें मात्र बिनतोड आहे. उखळांत मुसळ जसें चोहोंकडे कलतें आणि फिरतें, तसें मांडीच्या हाडाचें गोल टोंक कमरेच्या हाडांतल्या खळग्यांत कलतें आणि फिरतें. सांध्याच्या वंगणाचा इतिहास अखेरीस याच उखळापाशीं येऊन थांबतो, म्हणून तें जरा उघडून पाहिलें पाहिजे.

मांडीच्या हाडाचें वरचें टोंक जवळजवळ चेंडूसारखें गोल असतें, आणि खळगा त्याला चांगला आंत घेऊन बसतो. दोहोंच्या अंगावर कूर्चेचा पांढरा, मोत्यासारखा चकचकीत थर असतो. मोठ्या सांध्यांतहि त्याची जाडी फार तर दोन ते चार मिलिमीटर. या कूर्चेंत रक्तवाहिनी नाहीं, मज्जातंतु नाहीं. वजनानें पाहिलें तर तिच्यांत तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणीच आहे. सांध्याभोंवतीं एक बळकट पिशवी असते आणि तिला बाहेरून अस्थिबंधांचे पट्टे आवळून धरतात. पिशवीला आंतून जें मऊ अस्तर आहे, त्यांतून एक द्रव पाझरतो. तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट व पारदर्शक असतो. गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्यांतहि तो निरोगी स्थितींत चमचाभर भरणार नाहीं. एवढ्याशा द्रवावर सगळा कारभार चालतो.

कूर्चेला रक्त मिळत नाहीं, तेव्हां तिचें पोषण होतें तें याच द्रवांतून. चालतांना पाऊल टेकलें कीं तिच्यावर दाब पडून पाणी बाहेर येतें. पाऊल उचललें कीं ती तें पुन्हां शोषून घेते. महिनेमहिने बिछान्यावर पडून राहिलेल्या माणसाचे सांधे विश्रांतीनें सुधारण्याऐवजीं कां बिघडतात, याचें एक कारण येथें आहे. आणि तिला मज्जातंतु नाहींत ही सोय आहे तशी गैरसोयहि आहे. पावलागणिक दुखत नाहीं ही सोय. पण ती झिजूं लागली तरी वर्दी मिळत नाहीं. भोंवतालचें अस्तर सुजलें किंवा खालचें हाड उघडें पडलें, म्हणजे मग वेदना सुरू होतात, आणि तोंवर बहुधा फार उशीर झालेला असतो.

या थरावर भार किती पडतो याची कल्पना सहसा नसते. साध्या चालीनें चालतांना सर्व शरीर एका पायावर येतें, त्या क्षणीं खुब्यावर पडणारा दाब शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट असतो. कारण शरीर तोलून धरणारे स्नायूहि त्याच सांध्याला ओढून आवळीत असतात. साठ किलो वजनाच्या गृहस्थाच्या खुब्यावर याप्रमाणें दीडशें ते एकशें ऐंशीं किलो दाब येतो, आणि हें वर्षांतून एकेका पायाला सुमारें दहा लक्ष वेळां घडतें. कोणत्याहि कारखानदारानें असें यंत्र, चमचाभर वंगणावर, सत्तर वर्षें चालवून दाखवावें.

युरोपांत या द्रवाला नांव मिळालें तें सोळाव्या शतकांत. पॅरासेल्सस नांवाच्या एका विलक्षण व भांडखोर स्विस वैद्यानें ‘सायनोव्हिया’ हा शब्द आपल्या मनानेंच घडविला. पुढें १६९१ सालीं लंडनचे डॉक्टर क्लॉप्टन हॅव्हर्स यांनीं हाडांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सांध्यांच्या कोपऱ्यांत चरबीचे जे लहान लहान गोळे असतात त्या ग्रंथि आहेत व वंगण त्यांतूनच स्रवतें, असें त्यांनीं त्यांत मांडलें. गोळे खरे होते, ग्रंथि मात्र नव्हत्या; द्रव सबंध अस्तरांतून येतो. तरी वंगण येतें कोठून, हें सांध्यांत बोट घालून शोधण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता.

त्यानंतरचें नांव विल्यम हंटर यांचें. १७४३ सालीं, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, त्यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें कूर्चेची रचना व तिचे रोग यांवर निबंध ठेविला. कूर्चेचे तंतु मखमलीच्या लवीसारखे हाडावर उभे असतात, असें त्यांनीं दाखविलें. पण त्या निबंधांतलें जें वाक्य पुढें शेंकडों वेळां उद्धृत झालें तें याहून साधें आहे. हिपॉक्रेटिसपासून आपल्या काळापर्यंतच्या सर्व शस्त्रवैद्यांचें एका गोष्टीवर एकमत आहे, असें हंटर लिहितात: नष्ट झालेली कूर्चा पुन्हां येत नाहीं. पावणेतीनशें वर्षें उलटून गेलीं. मध्यंतरीं, १९९४ सालीं, स्वीडनमधील डॉक्टरांनीं रोग्याच्याच कूर्चेच्या पेशी बाहेर वाढवून गुडघ्यांतल्या लहानशा खड्ड्यांत बसविल्याचें प्रसिद्ध केलें, आणि तें काम पुढें चालू आहे; पण सबंध झिजून गेलेल्या सांध्यापुरतें हंटर यांचें म्हणणें अजून कोणी खोडून काढलेलें नाहीं.

सांधा एकत्र राहतो कशानें, हाहि एक प्रश्न होता. जर्मनींतल्या वेबर बंधूंनीं, त्यांपैकीं विल्हेल्म हे पदार्थविज्ञानी आणि एडुआर्ड हे शरीरशास्त्रज्ञ, माणसाच्या चालण्यावर १८३६ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतला एक प्रयोग ऐकण्यासारखा आहे. एका प्रेताच्या खुब्याभोंवतालचे सर्व स्नायु त्यांनीं कापले, मग सांध्याची पिशवीहि चोहोंकडून कापली. आतां पाय गळून पडावा. पण तो लोंबतच राहिला. मग ओटीपोटाच्या बाजूनें खळग्याच्या तळाला बारीक भोंक पाडून आंत हवा शिरूं दिली, आणि पाय निसटून खालीं आला. मुसळ उखळांत धरून ठेवण्यास हवेच्या दाबाचाहि हातभार आहे, हें अशा रीतीनें सिद्ध झालें. काचेवर काच ओली करून ठेविली असतां ती उचलतां येत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

रोगांविषयीं येथें थोडक्यांत सांगितलें तरी चालेल. सांधे दुखणें या एका शब्दाखालीं पूर्वीं सगळेच रोग एकत्र कोंबलेले असत; त्यांची वांटणी एकोणिसाव्या शतकांत झाली. पॅरिस येथें लांद्रे-बोव्हे यांनीं १८०० सालीं, बहुतेक स्त्रियांना होणाऱ्या व हातापायांचे सांधे वांकडे करणाऱ्या एका विकाराचें वर्णन केलें. लंडनचे अल्फ्रेड गॅरड यांनीं १८४८ सालीं वातरक्ताच्या, म्हणजे ज्याला इंग्रज गाउट म्हणतात त्याच्या, रोग्यांच्या रक्तांत युरिक आम्ल सांपडतें हें दाखवून दिलें. आणि १८५९ सालच्या ग्रंथांत त्या दुसऱ्या, सांधे वांकडे करणाऱ्या विकाराला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस असें वेगळें नांव दिलें. पहिल्यांत सांध्यांत खडे बसतात. दुसऱ्यांत शरीराची संरक्षक शक्तीच उलटून सांध्याच्या अस्तरावर तुटून पडते. तिसरा विकार सर्वांत सामान्य आणि सर्वांत सुस्त, झिजेचा. त्यांत कूर्चा खरखरीत होते, चिरफळते, पातळ होते आणि अखेर हाडावर हाड घासूं लागतें. उतार वयांतल्या बहुतेकांचा संधिवात तो हाच. पहिल्या दोहोंवर विसाव्या शतकांत औषधें निघालीं. झिजेवर निघालें नाहीं. आणि याचें कारण हंटर यांच्या त्या साध्या वाक्यांतच आहे.

जें पुन्हां येत नाहीं तें नवें बसवावें, हा विचार मग ओघानेंच आला. बर्लिनचे टेमिस्टोक्लेस ग्लुक यांनीं १८९० च्या सुमारास क्षयानें नासलेल्या सांध्यांच्या जागीं हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. कारागिरी उत्तम, पण जागा आधींच पुवानें भरलेली. सांधे टिकले नाहींत. बोस्टनचे स्मिथ-पीटरसन यांच्या हातीं एका रोग्याच्या पाठींतून काढलेला कांचेचा तुकडा आला. वर्षभर आंत राहिलेल्या त्या तुकड्याभोंवतीं एक गुळगुळीत पडदा तयार झालेला होता. त्यावरून १९२३ सालीं त्यांनीं मांडीच्या हाडाच्या टोंकावर कांचेची टोपी घातली, कीं तिच्या खालीं नवी कूर्चा उगवेल. कांच फुटली. पुढें १९३८ पासून दंतवैद्यांच्या वापरांतला व्हायटॅलियम हा न गंजणारा मिश्रधातु त्यांनीं टोपीसाठीं घेतला. ती टोपी फुटली नाहीं आणि कित्येकांना तिनें बऱ्यापैकीं चालतें केलें. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ सालीं, पॅरिसच्या ज्युदे बंधूंनीं हाडाचें टोंकच कापून त्या जागीं ॲक्रिलिकचा गोळा बसविण्यास प्रारंभ केला. त्याची कीर्ति युरोपभर झाली. पण या सर्वांनीं एक गोष्ट गृहीत धरली होती: आकार बरोबर जमला कीं सांधा आपोआप नीट चालेल. गाडीवानाला जें कळत होतें तें यांच्या ध्यानांतून सुटलें होतें.

तें ज्यांच्या कानावर पडलें ते जॉन चार्नली. ते लँकेशायर परगण्यांतल्या बरी या गांवीं १९११ सालीं जन्मले; वडील औषधविक्रेते होते, आई परिचारिका. मँचेस्टर येथें वैद्यकाचें शिक्षण झाल्यावर युद्धकाळांत त्यांनीं लष्करी वैद्यकीय दलांत काम केलें. त्यांना लेथवर काम करण्याची लहानपणापासूनची आवड होती, आणि इंजिनिअरांशीं बोलणें त्यांना डॉक्टरांशीं बोलण्यापेक्षां सोपें जाई असें म्हणतात. ज्युदे पद्धतीचा गोळा बसविलेला एक गृहस्थ त्यांच्याकडे आला. वेदना होती, पण त्याहून मोठें गाऱ्हाणें वेगळेंच होतें. मेजावर जेवतांना मीठदाणी घेण्यास तो पुढें वांकला कीं त्याचा खुबा मोठ्यानें कुरकुरे, आणि पत्नी कंटाळून उठून जाई, अशी ही गोष्ट सांगितली जाते. दुसऱ्या कोणी ती हंसण्यावारीं नेली असती. चार्नली विचारांत पडले. कुरकुर याचा अर्थ घर्षण. घर्षण याचा अर्थ, प्रत्येक पावलाला तो गोळा हाडांत रोंवलेल्या आपल्या दांड्याला पिळा देतो. कांहीं महिन्यांनीं अशा रोग्यांची कुरकुर बंद होई खरी. पण ती सुधारणा नव्हती. दांडा हाडांत सैल होऊन आतां तोच हालूं लागलेला असे.

मग निरोगी सांध्यांत घर्षण किती असतें, हें त्यांनीं ताज्या मानवी सांध्यावर मोजून पाहिलें. बर्फावरून बर्फ सरकतांना जितका अडथळा होतो त्याहूनहि तो कमी निघाला. मनुष्यानें बनविलेली कोणतीहि दोन द्रव्यें इतकीं निसरडीं नव्हतीं. हें कसें होतें, याविषयीं त्या वेळीं दोन मतें होतीं. आयर्लंडचे शरीरशास्त्रज्ञ मॅक्‌कोनेल यांनीं १९३२ सालीं असें सुचविलें होतें कीं, यंत्रांच्या आंसांत तेलाचा जसा पाचरीसारखा थर तयार होऊन दोन्ही धातु एकमेकांपासून अलग राहतात, तसेंच सांध्यांतहि होतें. चार्नली यांना तें पटलें नाहीं. आंस एकाच दिशेनें व वेगानें फिरतो. सांधा मागेंपुढें हालतो, सावकाश हालतो आणि भार मोठा असतो. अशा ठिकाणीं तेलाचा थर टिकणार कसा? निसरडेपणा कूर्चेच्या आणि त्या द्रवाच्या परस्परांशीं असलेल्या नात्यांतच आहे, असें त्यांचें म्हणणें. आज पाहतां दोघांचेंहि थोडथोडें खरें होतें, आणि कूर्चेंतलें दाबलें गेलेलें पाणीच बराचसा भार उचलून धरतें हें तिसरें सत्य दोघांच्याहि हातीं पुरतें आलेलें नव्हतें. पण चार्नली यांनीं काढलेलें अनुमान व्यवहारांत अचूक ठरलें. शरीराचें वंगण शरीराच्याच कूर्चेवर चालतें, धातूवर किंवा ॲक्रिलिकवर नव्हे. तेव्हां कृत्रिम सांध्याला वंगणाची आशा करूं नये, द्रव्यच असें घ्यावें कीं जें वंगणावांचून निसरडें असेल.

असें द्रव्य तेव्हां एकच ठाऊक होतें, तें टेफ्लॉन. विगन शहराजवळ राइटिंग्टन येथें क्षयरोग्यांसाठीं चालविलेलें एक रुग्णालय होतें. क्षय हटत चालल्यानें तेथल्या खाटा मोकळ्या पडत होत्या. तेथें चार्नली यांनीं आपलें काम मांडलें. १९५८ पासून त्यांनीं टेफ्लॉनची वाटी आणि पोलादाचा गोळा बसविण्यास सुरुवात केली. गोळा हाडाशीं घट्ट जोडण्यासाठीं दंतवैद्य कवळीला वापरतात तें ॲक्रिलिक सिमेंट त्यांनीं घेतलें. आणि गोळा हळूहळू लहान करीत त्यांनीं तो बावीस मिलिमीटरांच्या आसपास आणला, म्हणजे मूळ हाडाच्या टोंकाच्या जवळजवळ निम्म्यावर. निसर्गाची नक्कल सोडण्याचें धाडस यांत होतें. हिशेब मात्र साधा: गोळा लहान तर घर्षणाचा पिळाहि लहान, आणि वाटी तितकी जाड ठेवतां येते. वर्षानुवर्षें खुर्चीला खिळलेलीं माणसें काठी टाकून चालूं लागलीं. १९६१ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत या नव्या शस्त्रक्रियेचा लेख आला.

लेख छापून होतो न होतो तोंच क्ष-किरणांच्या चित्रांत एक विपरीत गोष्ट दिसूं लागली. पोलादाचा गोळा वाटींत वर वर चढत होता. टेफ्लॉन निसरडें होतें, पण मऊ होतें. गोळा त्यांत भोंक पाडीत चालला होता. झिजून निघालेल्या भुकटीनें याहून वाईट केलें. शरीर त्या भुकटीवर चवताळून उठे आणि सांध्याभोंवतीं खव्यासारख्या गोळ्यांचा सांठा होऊन हाड खाल्लें जाई. अशीं माणसें थोडींथोडकीं नव्हतीं, सुमारें तीनशें होतीं. त्यांना पुन्हां बोलवावें लागलें, पुन्हां कापावें लागलें, आणि कित्येकांना पूर्वींहून वाईट स्थितींत परत पाठवावें लागलें.

या ठिकाणीं दुसरा एखादा मनुष्य तो विषय सोडून देता, किंवा दोष रोग्यांच्या प्रकृतीवर ढकलता. चार्नली यांनीं टेफ्लॉनची भुकटी आणि दुसऱ्या एका प्लॅस्टिकची भुकटी स्वतःच्या मांडींत टोंचून घेतली आणि वाट पाहिली. नऊ महिन्यांनीं टेफ्लॉनच्या जागीं हाताला गांठी लागत होत्या. दुसऱ्याची जागाहि शोधून सांपडत नव्हती. हा अनुभव त्यांनीं १९६३ सालीं ‘लॅन्सेट’कडेच पत्रानें कळविला.

तें दुसरें प्लॅस्टिक आलें कोठून ही कथा लँकेशायरलाच शोभण्यासारखी आहे. कापडाच्या गिरण्यांतल्या मागांना प्लॅस्टिकचीं दांतेरी चाकें पुरविणारा एक विक्रेता १९६२ च्या मे महिन्यांत राइटिंग्टनच्या कारखान्यांत आला. तेथें चार्नली यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनीं झीज मोजण्याचें यंत्र तयार केलें होतें. विक्रेत्यानें दाखविलेला तुकडा जाड, पांढुरका, दिसण्यांत कांहींच नाहीं. जड रेणुभाराचें पॉलीएथिलीन. चार्नली यांनीं त्यांत अंगठ्याचें नख रोंवून पाहिलें आणि हें निकामी आहे असें सांगून ते निघून गेले. क्रेव्हन यांनीं मात्र, साहेब परगांवीं गेले असतां, तो तुकडा यंत्रावर चढविला. तीन आठवडे रात्रंदिवस यंत्र चाललें. टेफ्लॉन एका दिवसांत जितकें झिजे तितकेंहि तें झिजलें नव्हतें. चार्नली परत आले, यंत्रापाशीं जाऊन उभे राहिले आणि त्यांना आपलें मत बदलावें लागलें. त्यांच्या थोरवीचा हाहि एक भाग म्हटला पाहिजे. आपल्या तंत्रज्ञानें आपल्याला खोटें पाडलें हें त्यांनीं लपवून ठेविलें नाहीं. टेफ्लॉनइतकें हें द्रव्य निसरडें नव्हतें, पण टिकाऊ होतें, आणि लहान गोळ्यानें ती उणीव भरून निघाली.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत पहिली पॉलीएथिलीनची वाटी बसविली गेली. या खेपेस गवगवा करण्याची घाई नव्हती. इतरांच्या हातीं हा सांधा मोकळेपणानें देण्यापूर्वीं त्यांनीं वर्षानुवर्षें आपलेच रोगी तपासून पाहिले. याच काळांत दुसरा शत्रु त्यांनीं हटविला, तो जंतूंचा. शस्त्रक्रियेच्या मेजाभोंवतीं एक खोलीच उभारून तींत गाळलेली हवा वरून खालीं सोडण्याची व्यवस्था त्यांनीं केली, आणि जखम पिकण्याचें प्रमाण शंभरांत सातांहून अधिक होतें तें एकाच्या आसपास आणलें. पुढें त्यांना १९७४ सालीं लास्कर पारितोषिक मिळालें, १९७५ सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, १९७७ सालीं सर झाले, आणि ५ ऑगस्ट १९८२ रोजीं वारले. २००७ सालीं त्याच ‘लॅन्सेट’नें या शस्त्रक्रियेला शतकांतली शस्त्रक्रिया म्हटलें.

तरी झिजेचा प्रश्न कायमचा मिटला असें समजूं नये. पॉलीएथिलीनचीहि भुकटी होते, फार हळू होते एवढेंच. पुढें किरणांचा मारा करून तें अधिक कठीण करण्यात आलें. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभीं धातूवर धातु घासणारे सांधे पुन्हां फार उत्साहानें बसविले गेले, आणि २०१० सालीं त्यांतली एक जात, धातूच्या कणांनीं मांस नासूं लागल्यामुळें, जगभरांतून परत मागवावी लागली. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत असें दिसलें कीं बसविलेल्या खुब्यांपैकीं निम्म्याहून अधिक पंचवीस वर्षें टिकतात. सत्तरीच्या माणसाला हें पुरेसें आहे. चाळिशीच्या माणसाला नाहीं. आणि आपल्याकडे मांडी घालून किंवा उकिडवें बसण्याची संवय हाडीं मुरलेली. तसें फार वांकलें असतां लहान गोळा वाटींतून निसटण्याचा धोका असतो, म्हणून कृत्रिम खुबा घेणाऱ्याला पाट सोडून खुर्ची धरावी लागते.

राइटिंग्टन येथें चार्नली यांनीं आपल्या रोग्यांना एक विलक्षण विनंति केली होती. मरणानंतर तो सांधा परत द्यावा. शेंकडों लोकांनीं आनंदानें सह्या केल्या. म्हणून दहा-पंधरा वर्षें माणसांच्या देहांत चाललेल्या वाट्या त्या रुग्णालयांत परत येऊं लागल्या. एकेक वाटी मेजावर ठेवून, गोळ्यानें तींत किती खोल घर केलें आहे, हें तेथें मोजीत. तें बहुधा वर्षाला मिलिमीटरच्या एका दशांशाच्या आसपास भरे.